अमर्याद : दुपारी एक ते चार

१ जानेवारी २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातींनी आपली आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून उचलून शनिवार-रविवारवर ठेवली. जगाच्या बाजाराशी वार जुळावेत, शुक्रवारी अर्धा दिवस कचेऱ्या चालाव्यात आणि सव्वा वाजताच्या नमाजाला सगळे मोकळे असावेत, असा त्यामागे बराच विचार होता. फक्त शारजात राहणाऱ्या आमच्या मावसभावाला कोणी विचारलं नव्हतं. दादाचा शनिवार असायचा. साताऱ्याला असताना आजीने मारुतीला शब्द दिलेला, तो त्याने परदेशातही पाळला होता, आणि मोडायचं काही कारणही नव्हतं. कारण दुबईतलं ब्रंच असायचं शुक्रवारी. शुक्रवारी हवं ते हवं तितकं खायचं, शनिवारी साबुदाण्यावर राहून पोटाला विश्रांती द्यायची, रविवारी ऑफिस. मारुती, सरकार आणि हॉटेलवाले या तिघांचं छान जमलं होतं. सुट्टी हलली, तिच्यामागून ब्रंचही हललं आणि नेमकं शनिवारवर येऊन बसलं.

"मग काय केलंस?" मी फोनवर विचारलं होतं.

"उपास गुरुवारवर घेतला. मारुतीला सांगितलं, सरकारी हुकूम आहे, माझ्या हातात काही नाही."

माझ्या बायकोचाही शनिवार असतो, तिचा मांस-अंडं-दारू वर्ज्य असा. तिने मात्र कुठल्याच सरकारचा हुकूम मानलेला नाही. त्यामुळे आम्ही दुबईला जाऊन दर शनिवारी एकेका हॉटेलातलं ब्रंच पाहायचं, असा बेत दादाने आखला, तेव्हा आमच्यात एक माणूस सुरुवातीपासून विरोधी पक्षात होता.

दादा धंद्याने क्वांटिटी सर्व्हेयर. इमारत बांधणारा वेगळा. इमारतीत काय किती लागलं, त्याचा दर काय आणि कंत्राटदाराने त्यात किती लबाडी केली, हे सांगणारा तो दादा. बुर्ज खलिफाचं नाव अजून बुर्ज दुबई होतं तेव्हापासून तो तिकडे आहे. आपण खाली उभं राहून ८२८ मीटर उंची बघत मान मोडून घेतो. दादाला नुसती काच दिसते, चौरस मीटरमध्ये. आम्ही निघण्याआधी त्याने व्हॉट्सअॅपवर एक एक्सेल पाठवलं. त्यात हॉटेलांची नावं, वेळा, दर, 'समाविष्ट', 'असमाविष्ट' असे रकाने होते आणि शेवटी शेरा : भाजणी, मेतकूट, कोकमं काही आणू नका, इथे अल आदिलमध्ये सगळं मिळतं, भूक तेवढी घेऊन या.

एक्सेलमध्ये मोठी मोठी नावं होती. पामवरच्या अटलांटिसमधलं सॅफ्रन, मीना सियाहीच्या वेस्टिनमधलं बबलिशियस, मदिनत जुमेराच्या अल कसरमधलं ब्रंच. ही दुबईच्या ब्रंचची घराणी. दर तेव्हा तीन प्रकारचे होते. 'सॉफ्ट' म्हणजे सरबतं आणि पाणी, ३०० दिरहमच्या आसपास. 'हाऊस' म्हणजे वाइन, बिअर आणि मधल्या फळीतली दारू, ४०० ते ४५०. आणि 'बबली' म्हणजे बुडबुडेवाली वाइन किंवा शॅम्पेन, ६०० च्या पुढे कितीही. खाणं तिघांनाही तेच, आणि तिन्ही अमर्याद. तेव्हा दिरहमला तेवीस-चोवीसने गुणायचं होतं. परदेशात गेल्यावर माणूस पहिले काही दिवस गुणाकार करतो आणि मग दमून सोडून देतो. माझी बायको परतीच्या विमानातही करत होती.

या प्रकाराचं मूळ शोधायला फार खोल जावं लागत नाही. दुबईत दारूचा पेला समोर येतो तो मुख्यतः हॉटेलांच्या आवारात, कारण परवाने तिथे. जुन्या व्यवस्थेत शुक्रवारी सकाळी गाव शांत, दुकानं दुपारी उघडणार, बाहेर ऊन असं की कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. आणि गावातल्या दहातल्या जवळजवळ नऊ जणांचं घर दुसऱ्या देशात. सुट्टीच्या दुपारी आजीकडे जेवायला जावं, मामाकडे पडून राहावं, अशी सोय कुणालाच नाही. वातानुकूलित हॉल आहे, स्वयंपाकघर आहे, परवाना आहे आणि समोर आजी नसलेली हजारो माणसं आहेत, एवढं हॉटेलवाल्यांनी हेरलं. यापेक्षा जास्त बुद्धी कुठल्याच धंद्याला लागत नाही.

दादा राहतो शारजाच्या अल नाहदात. अल नाहदा नावाच्या वस्त्या दोन आहेत : एक दुबईची, एक शारजाची. मधून सरहद्द जाते, पण कुंपण नाही, चौकी नाही, नुसता रस्ता. भाडं अलीकडे कमी, म्हणून अर्धा हिंदुस्थान अलीकडे राहतो आणि रोज सकाळी पलीकडे कामाला जातो. पण शारजात १९८५ पासून दारूबंदी आहे. विकायची नाही, जवळ बाळगायची नाही, पिऊन दिसायचंही नाही. दादाच्या गॅलरीतून समोर दुबईतल्या इमारती दिसतात. "तिथे चालतं, इथे नाही," असं तो गॅलरीत उभा राहून पाहुण्यांना दाखवतो. आमच्या चाळीत लोक असंच बोट दाखवून म्हणायचे, तिकडे पाणी चोवीस तास असतं.

गाडी वहिनी चालवतात. दुबईत चालकाच्या रक्तात दारूचा थेंबही चालत नाही. इतकी बिअर चालेल, तितकी चालणार नाही, असली भानगडच नाही. त्यामुळे गेली कित्येक वर्षं दादाच्या प्रत्येक ब्रंचला वहिनी 'सॉफ्ट' घेऊन, लिंबाच्या सरबतासमोर तीन तास बसून, त्याला परत आणतात. त्या शाळेत गणित शिकवतात. शारजातल्या शाळांना शुक्रवार धरून तीन दिवस सुट्टी असते, दादाला दोन. या एका दिवसाच्या फरकात त्या काय विचार करत असतील, हे दादाला त्या वेळी माहीत नव्हतं.

पहिलं ब्रंच समुद्राकाठच्या एका भल्यामोठ्या हॉटेलात होतं. एकाचं होतं, दादाने आम्हाला साडेबाराला दारात उभं केलं. "मोबिलायझेशनला वेळ धरावा लागतो," तो म्हणाला. तिथे आमच्याआधी दोनेकशे माणसं मोबिलाइझ होऊन उभी होती. गोऱ्या बायका डोक्याला पिसं लावून आणि उंच टाचांवर तोल सांभाळत आलेल्या, पुरुष फिक्या रंगाच्या सुटांत आणि मोज्यांशिवाय. दादाने हळूच ओळख करून दिली : हे ब्रिटिश शाळांतले मास्तर, ती पोरं विमानकंपनीतली, तो घोळका घरं विकणाऱ्या एजंटांचा. प्रत्येकाच्या मनगटाला कागदी पट्टी बांधत होते. सॉफ्टला पांढरी, हाऊसला निळी, शॅम्पेनला सोनेरी. इतक्या प्रगत शहरात माणसाची जात इतक्या उघडपणे मनगटावर बांधलेली मी पहिल्यांदाच पाहिली. सोनेरी पट्टीवाले बाह्या दुमडून घेत होते.

आत गेल्या गेल्या मी थाळी उचलली. दादाने ती काढून परत ठेवली.

"आधी साइट व्हिजिट."

हात मागे बांधून आम्ही एक फेरी मारली. दाराशीच पावांचा डोंगर : लांब, गोल, वेणीचा, तीळ लावलेला, वाफ येणारा. त्याच्या शेजारी सूप, मग पास्ता, मग भात. दादा प्रत्येक टेबलापुढे थांबे आणि एकच शब्द म्हणे, "मुरूम." पुढे : "भरावाचा माल. यानेच पाया भरला की वर बांधायला जागा कुठे?" सगळ्यात महागाचं सगळ्यात लांब, कोपऱ्यात, हे त्याचं सूत्र. आणि खरंच, कोपऱ्यात बर्फाच्या टेकडीवर खेकड्यांचे नांगे, अर्धे चिरलेले लॉबस्टर, मुठीएवढ्या कोळंब्या रचल्या होत्या. भिंतीच्या आत वेगळ्या खोलीत, दारावर पाटी लावून, डुकराचं मांस. ते इथे असंच खुणेने वेगळं ठेवतात. चीजसाठी एक थंडगार खोली. एक माणूस अख्खी भाजलेली रान समोर घेऊन तलवारीएवढ्या सुरीने पातळ चकत्या पाडत होता. मधोमध ऊझी, म्हणजे मसालेभातावर झोपवलेलं सबंध कोकरू. त्यातला भात दादाने अर्थातच बाद केला.

बर्फाच्या टेकडीमागे एक मुलगा कालवं फोडत होता. डाव्या हातात घडी केलेला जाड टॉवेल, त्यात शिंपला घट्ट. उजव्या हातात बुटक्या, बोथट पात्याची सुरी. सुरीचं टोक सांध्यात घालून तो मनगट असं काही फिरवायचा की शिंपला कुरकुर न करता उघडे. मग पातं खालून सपाट फिरवून मांस सुटं करायचं, पण शिंपल्यातलं पाणी सांडू द्यायचं नाही. मी पहिल्याच कालवावर अर्धं लिंबू पिळलं.

"काका, लिंबू जरा कमी. चव जाते त्याची."

आम्ही चौघंही दचकलो. मुलगा गुहागरकडचा निघाला. आजी ओहोटीला कोयती घेऊन खडकावरची कालवं काढायला जायची, तो म्हणाला. पावसाळा सरला की दर आठवड्याला एकदा तरी कालवण असायचं, आणि त्याला तेव्हा ते मुळीच आवडायचं नाही. "इथली फ्रान्सहून येतात. विमानाने." हे सांगताना त्याने आणखी चार फोडून माझ्या थाळीत ठेवली. दादाने मनातल्या मनात चार गुणिले दर केलेलं मला स्पष्ट दिसलं.

गर्दी विरळ होती तेवढ्यात त्याने आतल्या गोष्टी सांगितल्या. पहाटे शिफ्ट सुरू. अकराला न्याहारी उचलायची की दीड-दोन तासांत सबंध हॉल फिरवून ब्रंच मांडायचं, तीनशे कव्हरचं. चार वाजता ते उचलायचं आणि रात्रीचं जेवण मांडायचं. या सगळ्या मांडणीत सगळ्यात श्रीमंत दिसतो तो बर्फ आणि सगळ्यात स्वस्तही तोच. सोनेरी पट्टीवाले पहिल्या दोन ग्लासांना बाटलीवरचं लेबल वाचतात, तिसऱ्यापासून कुणी वाचत नाही. "आणि वाढदिवसांपेक्षा निरोप जास्त असतात, काका. कुणाचा व्हिसा संपला, कुणाची बदली, कुणी कॅनडाला चाललं. दर शनिवारी चार-पाच टेबलं तरी. दोन तास हसतात, शेवटच्या तासात रडतात. टिश्यू जास्तीचे ठेवतो आम्ही." मागून कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो पुन्हा इंग्रजीत गेला.

इकडे बायकोचा शनिवार चालू होता. तीनशे दिरहम भरून ती हमुस, तब्बुले आणि मुतब्बल घेऊन आली. मुतब्बल चाखून तिने निकाल दिला, "भरीत आहे. फोडणी नाही." थोड्या वेळाने आकडाही आला : "सात हजारांचं भरीत." चीजच्या खोलीत ती गेली आणि वासाने लगेच बाहेर आली. गोडाच्या टेबलावर तर तिने पेस्ट्रीवाल्या शेफलाच बरोबर घेतलं. प्रत्येक पदार्थापुढे ती विचारे, अंडं? तो म्हणे, येस मॅडम. केक, येस. मूस, येस. मॅकरून, येस मॅडम. जगातलं सगळं गोड कोंबडीवर अवलंबून आहे, हे तिला त्या दुपारी कळलं. शेवटी दुधात भिजलेली, बदाम-मनुके पेरलेली उम्म अली सापडली, शेजारी तारा ओढलेला कुनाफा सापडला आणि विरोधी पक्ष तासभर शांत झाला.

पिण्याचं म्हणाल, तर अमर्याद या शब्दाला किती मर्यादा असतात, ते मनगटाला पट्टी बांधल्याशिवाय समजत नाही. एका वेळी एकालाच एक. आधीचा ग्लास संपल्याशिवाय दुसरा नाही. निळ्या पट्टीने पांढरीला पाजायचं नाही. ग्लास उंच पण त्यात बर्फ गळ्यापर्यंत, त्यामुळे तीन घोटांत तळ. मग वेटरला शोधायचं. पहिल्या तासात तो खांद्याशी उभा असतो, दुसऱ्या तासात तो क्षितिजावर दिसतो. "दुसऱ्या तासाला प्रॉडक्टिव्हिटी पडते," दादाने रुमालावर आलेख काढून दाखवला. त्याचा उपाय म्हणजे बसल्या जागेवरून एका वेटरशी नातं जोडायचं, त्याच्या गावाचं नाव विचारायचं आणि मग दर वेळी त्या गावाच्या नावाने हाक मारायची. आमचा वेटर पोखऱ्याचा होता. अख्खी दुपार दादा "पोखरा! पोखरा!" करत होता, आणि पोखरा येतही होता, ही कबुली दिली पाहिजे.

तिकडे सुटाबुटातले मास्तर दुसऱ्या तासाअखेर कोट काढून मोकळे झाले. अडीचनंतर जेवणाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लॉबस्टर तसेच पडून. जगातलं उत्तमोत्तम अन्न अर्ध्या एकरात मांडलं होतं आणि माणसं खुर्च्यांवर उभी राहून गात होती. माझं स्पष्ट मत आहे की यातली निम्मी मंडळी एक प्लेट चिप्सवरही तितकीच सुखी झाली असती. पण मग पिसं कशाला लावली असती?

तीन पंचेचाळीसला माइकवरून शेवटच्या ऑर्डरची घोषणा झाली. तीनशे हात एकदम वर. आमच्या टेबलावर पोखराने नियम थोडा वाकवून जास्तीचे दोन ग्लास ठेवले. ठीक चारला संगीत थांबलं, दिवे लख्ख लागले आणि भरलेले, अर्धे, उष्टे, सगळे ग्लास डोळ्यांदेखत ट्रेमध्ये गेले. एवढी वेळ पाळणारं अमर्याद मी दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. बाहेर पोर्चमध्ये चपला हातात घेतलेल्या बायका टॅक्सीच्या रांगेत, आणि गुलाबी टपाची, बायकांनी चालवायची टॅक्सी आली की रांगेत टाळ्या.

परतीच्या वाटेवर अल इत्तिहाद रोडला नेहमीची गर्दी होती. दुबईच्या हद्दीत दादा मागच्या सीटवरून वहिनींना रस्ता सांगत होता, गाणी म्हणत होता, खिडकीबाहेर दिसणाऱ्या इमारतींचे काँक्रीटचे दर सांगत होता. मुल्ला प्लाझा मागे पडला तसा त्याने तोंडात बडीशेप टाकली. हद्द आली आणि तो एकदम गप्प, ताठ, हात मांडीवर. शारजात इतका शिस्तबद्ध नागरिक मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या शनिवारी डीआयएफसी या बँकावाल्यांच्या भागातल्या एका झकपक रेस्टॉरंटात गेलो. तिथे बुफे नसतो, सगळं टेबलावर येतं, 'शेअरिंग स्टाइल'. शेअरिंग म्हणजे काय, तर चौघांत तीन कोळंब्या. दादाने मेनूवरचा मजकूर आणि आलेला माल ताडून पाहिला आणि 'शॉर्ट सप्लाय' असा शेरा मारला; पुन्हा मागवता येत होत्या, पण मागवायला वेटर लागतो. मधूनच एक सॅक्सोफोनवाला टेबलाटेबलांतून फिरत आला आणि बायकोच्या कानापाशी उभा राहून जीव ओतून वाजवू लागला. त्याला वाटलं तिला आवडलंय, कारण ती हलत नव्हती. आम्ही चौघं तीन तास खाणाखुणांनी बोललो. वहिनींनी एकदा मला विचारलं की मीठ आहे का, आणि मी मान हलवून सांगितलं की हो, धाकटा बारावीला आहे. या जागेबद्दल एवढं पुरे.

रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर वहिनींनी एक कागद ठेवला. वर लिहिलं होतं 'अंतिम हिशेब'. अक्षर फळ्यावरचं, सुटं आणि गोल.

"हे काय?" दादा.

"क्लेम," वहिनी. "तुमच्याच भाषेत लिहिलाय, म्हणजे समजेल."

त्यात सॉफ्ट पॅकेज, दर ब्रंचला सरासरी तीनशे, त्यातून प्रत्यक्ष प्यायलेलं सरबत वजा जाता नुकसान; सालिकचा टोल; चालकाची मजुरी; 'आवाज सहन करणे' हे एकरकमी; आणि 'एकच गोष्ट पुनःपुन्हा ऐकणे' हे प्रति नग. शुक्रवारच्या काळातली थकबाकी वेगळी. खाली दुरेघी बेरीज. दादाने पेन काढलं, एकेक ओळ तपासली. क्वांटिटी सर्व्हेयरने दुसऱ्याचा क्लेम न कापता सोडला तर त्याला जात बाहेर काढते. पण मोजमापं बरोबर होती, दर बाजारभावाचे होते. त्याने एवढंच म्हटलं की २०२३ मध्ये दुबईने दारूवरचा तीस टक्के कर उठवला, २०२५ मध्ये परत बसवला, त्याची कुठे नोंद नाही.

"सरबतावर कर नव्हता," वहिनी म्हणाल्या.

तडजोड अशी ठरली : पुढचं ब्रंच वहिनींचं. निळी पट्टी त्यांना, पांढरी दादाला, आणि स्टिअरिंगही दादाकडे. दिवसा त्यांना पेपर तपासायचे होते म्हणून त्यांनी रात्रीचं ब्रंच निवडलं. हो, दुबईत तेही असतं. आठ ते अकरा. दुपारी न मावलेलं रात्री वाढतात, नाव तेच ठेवतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

क्रीकच्या काठावरची गच्ची होती ती. खालून अब्रा, म्हणजे लाकडी होड्या, फटफटत जात होत्या. एका दिरहमात पलीकडचा काठ, गावातला सगळ्यात प्रामाणिक दर. हवा गार, पाण्यावर दिवे. वहिनींनी पहिला ग्लास पांढऱ्या वाइनचा मागवला, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "बरी आहे की. यासाठी एवढी वर्षं?" दुसरा त्यांनी सावकाश, खुर्चीत रेलून घेतला. त्यांना ना साइट व्हिजिट करायची होती ना पाया वाचवायचा होता. त्यांनी सरळ पाव घेतला, लोणी लावलं, सूप घेतलं, भात घेतला. दादाला ते बघवेना.

पण खरा बघण्यासारखा होता तो दादा. पांढरी पट्टी, पुढ्यात पुदिन्याचं सरबत. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ब्रंच शुद्धीवर बघितलं. नऊपर्यंत तो ठीक होता. साडेनऊला म्हणाला, "हे लोक एवढ्या मोठ्याने का बोलतायत?" दहाला म्हणाला, "डीजे तीच पाच गाणी फिरवतोय. नेहमी असंच असतं?" शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ आपल्या बोटीची हकिकत सांगत होते. ती संपली आणि त्यांनी ती पुन्हा सुरू केली. दादाने कपाळाला हात लावला.

"तिसऱ्यांदा सांगतोय हा. मीही असं करतो का?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही चौथ्यांदाही सांगता. ती तुमची नाही का, बुर्जच्या काचेची."

"मला ती आवडते," बायको मध्येच म्हणाली. "भाऊजी, सांगा ना परत." शनिवार असल्यामुळे ती पूर्ण शुद्धीवर होती, म्हणून हे वाक्य अधिकच जिव्हारी लागलं असावं. दादाने सरबत संपवलं आणि जाऊन लॉबस्टर घेऊन आला, पण त्याचं मन नव्हतं. दर काढायलाही विसरला.

पावणेअकराला शेवटची घोषणा झाली, तेव्हा वहिनींनी हात वर केला नाही. त्यांचं पोट भरलं होतं. एवढ्या ब्रंचांत पोट भरलं म्हणून थांबलेलं एक तरी माणूस मला दिसलं.

परतताना दादा स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून, वेगमर्यादेच्या दहा खाली. मागच्या सीटवर वहिनींना सूर सापडला. लग्नाआधी त्या गाणं शिकल्या होत्या, हे मला माहीत होतं. गाणं अजून गळ्यात आहे, हे दादालाही माहीत नव्हतं. हद्द जवळ आली. "अगं, शारजा आलं," दादा म्हणाला. त्या तान घेत होत्या. तान अर्धी सोडता येत नाही. "अगं, शारजा!" तान हद्द ओलांडून गेली.

अल नाहदाच्या सिग्नलला मागे निळा-लाल उजेड लागला. पोलिसांच्या गाडीने बाजूला घ्यायची खूण केली. दादाने गाडी घेतली. त्याच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता, आणि त्याने तर दारूला आणि गाण्याला, दोन्हींना तोंड लावलं नव्हतं. बायकोने घाईघाईने वहिनींच्या तोंडात मूठभर बडीशेप कोंबली.

तरुण पोलीस होता. त्याने वाकून पाहिलं, सलाम केला आणि मागचा उजवा दिवा लागत नाही, तो बदलून घ्या, असं मोडक्या हिंदीत सांगितलं. दादाने मान डोलावली. पोलिसाने मुलकिया, म्हणजे गाडीची नोंदणी, पाहिली, लायसन्स पाहिलं, परत दिलं. झालं होतं. तो जायला वळला. मग गाडीत चार प्रौढ माणसं, सगळी नटलेली, एक तोंड गच्च मिटून बसलेली, हे बघून त्याने नुसत्या सौजन्याने विचारलं, कुठून आलात?

दादाला खोटं बोलता येत नाही, आणि घाबरल्यावर तर मुळीच नाही.

"ब्रंच से," तो म्हणाला.

पोलिसाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजून गेले होते. त्याने आमच्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे.

"थोडा लंबा हो गया, सर," दादा म्हणाला.